जुनं घड्याळ द्यावं की ठेवावं? नवी आवृत्ती घेण्याआधी करायच्या तपासण्या

सप्टेंबर २०२० मध्ये रोलेक्सने सबमरीनर या डायव्हिंग घड्याळाचा व्यास ४० वरून ४१ मिलिमीटर केला. चर्चा झाली ती त्या एका मिलिमीटरची आणि आतल्या नव्या ३२३५ कॅलिबरची, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या यंत्राची. जुनं सबमरीनर देऊन नवं घेणाऱ्यांना मात्र झटका बसला तो भलत्याच ठिकाणी. पट्टा ज्यांत अडकतो त्या दोन लगांमधली जागा २० ची २१ मिलिमीटर झाली होती, म्हणजे वर्षानुवर्षं हौसेने जमवलेला एकही पट्टा नव्याला नीट बसणार नव्हता. तुलनेच्या तक्त्यात ही ओळ असते, पण पार खाली, आणि तिथपर्यंत वाचायचा धीर नवं घड्याळ डोळ्यांसमोर असताना कुणाला राहत नाही.

महागडं घड्याळ बदलताना पैशांच्या हिशेबात माणूस फारसा चुकत नाही, तुलना करतानाच चुकतो. दुकानात तेलपाणी ताजं असलेलं, एकही ओरखडा नसलेलं घड्याळ असतं आणि आपल्या मनगटावर आठ-दहा वर्षं न उघडलेलं. तुलना होते ती दमलेल्या घड्याळाची ताज्याशी, आणि तिचा निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून खालच्या क्रमात दुकानाची पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

पायरी १: तक्रारी कागदावर उतरवा

जुन्या घड्याळातलं जे जे खटकतं ते लिहून काढा. नव्यात काय आवडलं ते आत्ता नको. मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: झीज, जात किंवा कंटाळा.

वेळ चुकते, ब्रेसलेट सैल पडलंय, काचेखाली वाफ धरते, चावी देताना क्राउन (बाजूची फिरकी) अडखळतो, ही सगळी झीज. घड्याळ जाड आहे, क्लास्प (ब्रेसलेट मिटवायची खटकी) जागच्या जागी सैल-घट्ट करता येत नाही, सेकंदकाटा थांबवून वेळ जुळवता येत नाही, ही त्या घड्याळाची जात. कितीही सर्व्हिसिंग केलं तरी ती बदलणार नाही. उरलेलं सगळं कंटाळ्यात टाका. कंटाळ्याला नावं ठेवायचं काही कारण नाही, पण त्यावर नवा पट्टा हा सगळ्यात स्वस्त उतारा आहे आणि तो आधी करून बघावा.

घड्याळ बदलण्याचा विचार फक्त ‘जात’ लिहिलेल्या ओळींसाठी करायचा. अशी एकही ओळ नसेल, तर पायरी २ आणि ३ करा आणि बाकीचा लेख सोडून द्या.

पायरी २: जुन्याची तब्येत तपासा

घरी करण्यासारख्या चाचण्या आधी. फोनवरच्या वेळेशी घड्याळ जुळवा आणि आठवडाभर रोज एकाच वेळी फरक टिपून ठेवा. रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं, डायल वर की क्राउन खाली, तेही लिहा. बऱ्याच घड्याळांचा दिवसाचा फरक रात्रीच्या स्थितीने भरून निघतो. मोजमापासाठी काही आकडे: कॉस्क या स्विस तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालवून घेतं, रोलेक्स २०१५ पासून अधिक-उणे २ सेकंदांचा दावा करते आणि मेटास या स्विस मापन संस्थेने प्रमाणित केलेली ओमेगाची घड्याळं ० ते अधिक ५ मध्ये बसतात. पंधरा वर्षांचं घड्याळ दिवसाला ७ सेकंद पुढे जात असेल तर ते आजारी नाही.

पुढची चाचणी चावीची. पूर्ण चावी देऊन घड्याळ काढून ठेवा आणि ते कधी थांबतं बघा. एका चावीत ४८ तास चालायला हवं ते घड्याळ ३० तासांत थांबलं, तर तेल सुकलंय किंवा मुख्य स्प्रिंग दमली आहे. दोन्हींवर उपाय आहे.

घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर मात्र आधी चुंबकाचा संशय घ्या. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. माझं एक ऑटोमॅटिक एकाएकी दिवसाला चार-चार मिनिटं पुढे जाऊ लागलं. वय झालं असं ठरवून मी नव्या आवृत्तीची चौकशीसुद्धा करून आलो. मग एका कारागिराने काउंटरवर छोटं होकायंत्र मांडलं आणि त्याच्या कडेने घड्याळ हळूच फिरवलं. सुई थरथरली आणि घड्याळामागोमाग वळत गेली. त्याने विचारलं, “रात्री कुठे ठेवता?” टॅबलेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवत होतो, रोज. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ धावत सुटतं. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंद धरल्यावर माझं घड्याळ ताळ्यावर आलं. त्या चार मिनिटांपायी मी ते विकायला निघालो होतो.

कारागिराकडे गेलातच तर टाइमग्राफरवर (घड्याळाची टिकटिक मोजणाऱ्या यंत्रावर) अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं तोलचक्र किती अंशांचा झोका घेतं ते, बघायला सांगा. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३१० अंश दाखवतं. २०० च्या खाली गेलं तर ते उघडायची वेळ झाली. त्या यंत्रात लिफ्ट अँगल (अ‍ॅम्प्लिट्यूड काढायला लागणारा, कॅलिबरनुसार बदलणारा कोन) किती भरलाय हेही विचारा. बहुतेक स्विस कॅलिबरसाठी तो पन्नाशीच्या आसपास असतो, ओमेगाच्या को-अ‍ॅक्सिअल यंत्रणेसाठी ३८. को-अ‍ॅक्सिअल घड्याळ ५२ वर तपासलं, तर अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा उगाच फुगून येतो आणि दमलेलं घड्याळ ठणठणीत वाटतं.

ब्रेसलेटसाठी घड्याळ आडवं धरा आणि कड्या किती खाली झुकतात बघा. जुन्या पोकळ किंवा दुमडलेल्या पत्र्याच्या कड्या पिनेपाशी झिजतात, त्यामुळे ब्रेसलेट लोंबतं. पाण्याचं सांगायचं तर डायलवर ३०० मीटर छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. रबरी गॅस्केट किती वर्षांची आहेत त्यावर सगळं ठरतं. दाबाची चाचणी काही मिनिटांत होते.

पायरी ३: आधी सर्व्हिसिंग, मग तुलना

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते. “द्यायचंच आहे तर खर्च कशाला?” हिशेब म्हणून ते बरोबरही आहे, कारण सर्व्हिसिंगला घातलेले पैसे विकताना पूर्ण वसूल होत नाहीत. पण द्यायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही, म्हणून तो खर्च मी निर्णयाची फी समजतो. पायरी १ च्या कागदावर ‘झीज’च्या तीनाहून जास्त ओळी असतील तर ही फी भराच. एखादीच असेल तर तेवढी दुरुस्ती पुरे.

घड्याळ देताना तोंडी सांगून भागत नाही. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या.

पहिली: पॉलिश करू नये. प्रत्येक पॉलिशला धातू जातो. लगच्या कडेने जाणारी तिरकी चकचकीत पट्टी आधी अरुंद होते, मग गोल होते, मग दिसेनाशी होते. दहापट भिंगातून लगची कड बघा. धारदार असेल तर ती गोष्ट पुन्हा मिळत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी तीच बघतं.

दुसरी: डायल आणि काटे न विचारता बदलू नयेत. बऱ्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरांत फिकट पडलेला डायल किंवा न चमकणारे काटे नव्याने बदलण्याची पद्धत आहे. त्यांच्या दृष्टीने ती सेवाच असते, आणि घड्याळाची किंमत मात्र तिथेच घसरते. १९९८ च्या आसपासपर्यंतच्या अनेक स्विस घड्याळांत ट्रिटियमचं ल्यूम, म्हणजे अंधारात चमकणारा लेप, असे. डायलवर सहाच्या खाली ‘टी’ हे अक्षर दिसतं ती हीच. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, त्यामुळे १९९० च्या घड्याळात मूळच्या ट्रिटियमचा साधारण आठवा भागच उरला असेल, शिवाय त्यातली चमकणारी पूडही थकलेली असते. अंधारात ते दिसत नाही ही खरी तक्रार आहे आणि ती ‘जात’ सदरात जाते. पण तेच ल्यूम दिवसा सायीसारखं पिवळसर दिसतं आणि त्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. ते खरवडून नवं भरून घेणं म्हणजे दोन्हींकडून नुकसान.

तिसरी: काढलेले जुने भाग परत द्यावेत. सगळीकडे देत नाहीत, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

घड्याळ परत आलं की महिनाभर रोज वापरा. माझा अंदाज आहे की निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटेल.

पायरी ४: नव्यातला प्रत्येक बदल तुमच्या दिवसावर ठेवून बघा

कंपनी दहा सुधारणा सांगते. त्यातल्या दोन-तीन तुमच्या असतात, बाकीच्या दुसऱ्या कुणाच्या.

पॉवर रिझर्व्ह, म्हणजे एका चावीत घड्याळ किती तास चालतं ते, घ्या. ४८ चे ७० तास झाले हे ऐकायला छान वाटतं. शुक्रवारी रात्री आठला घड्याळ काढून सोमवारी सकाळी आठला घातलं, तर मध्ये ६० तास जातात. ४८ तासांचं थांबलेलं असेल, ७० तासांचं चालू. आठवडाभर हे एक आणि सुट्टीत दुसरं घालणाऱ्याला हा फरक दर सोमवारी जाणवेल. एकच घड्याळ रोज घालणाऱ्याला तो कधीच कळणार नाही. आणि चार घड्याळं आळीपाळीने घालणाऱ्याचं ७० तासांचंही थांबणारच.

ओमेगाच्या स्पीडमास्टर प्रोफेशनलचं उदाहरण चांगलं आहे. २०२१ मध्ये त्यात १८६१ कॅलिबरच्या जागी ३८६१ कॅलिबर आलं. वेळ जुळवताना सेकंदकाटा थांबू लागला, १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकाला घड्याळ दाद देईनासं झालं, ब्रेसलेट क्लास्पकडे सुंदर निमुळतं होत गेलं. पॉवर रिझर्व्ह मात्र ४८ वरून ५० तास, म्हणजे रोज हाताने चावी देणाऱ्याच्या दृष्टीने होता तेवढाच. चुंबकांच्या गराड्यात काम करणाऱ्याने हा बदल मनावर घ्यावा. सेकंदाला सेकंद जुळवायची सवय नसणाऱ्याने जुन्यावरच खूश राहावं, आणि ब्रेसलेट आवडलं असेल तर ते ब्रेसलेटच आवडलंय हे स्वतःशी कबूल करावं.

नवं म्हणजे सगळ्याच बाबतींत पुढचं असंही नसतं. ट्यूडरच्या २०१२ च्या ब्लॅक बेमध्ये ईटीए या दुसऱ्या कंपनीचं कॅलिबर होतं. २०१६ मध्ये कंपनीचं स्वतःचं ७० तासांचं कॅलिबर आलं आणि घड्याळ जवळपास २ मिलिमीटरने जाड झालं. यंत्र सुधारलं, शर्टाची बाही अडकू लागली. २०१८ मध्ये त्याच घराण्यात ३९ मिलिमीटरचं, १२ मिलिमीटरहून बारीक ब्लॅक बे फिफ्टी-एट आलं तेव्हा थांबलेल्यांचं फावलं. रोलेक्स एक्सप्लोररने तर पूर्ण गिरकी घेतली: ३६ मिलिमीटरचं घड्याळ २०१० मध्ये ३९ चं झालं आणि २०२१ मध्ये परत ३६ वर आलं. मधल्या ३९ च्या पहिल्या डायलवर काटे आखूड वाटतात अशी ओरड होती. २०१६ मध्ये ते लांब आणि रुंद झाले. पहिल्या वर्षाचं घड्याळ घ्यायची घाई का करू नये, याला मला एवढं उदाहरण पुरतं.

कधीकधी जाणाऱ्या आवृत्तीबरोबर एक यंत्रच जातं. ऑडमार पिगेच्या रॉयल ओक ‘जम्बो’मध्ये १९७२ पासून २१२१ कॅलिबर होतं, अवघं ३.०५ मिलिमीटर जाड. २०२२ मध्ये त्याच्या जागी ७१२१ आलं. व्यास तोच ३९, पॉवर रिझर्व्ह ४० वरून ५५ तास, आणि तारीख झटपट बदलायची सोय, जी जुन्यात नव्हती. वापरायला नवं निर्विवाद सोयीचं. पण जुनं घेणाऱ्याने ते मुळात सोयीसाठी घेतलेलंच नसतं, आणि द्यायचं की नाही हे ठरवताना त्याला ते आठवलं पाहिजे.

सामग्रीचंही तसंच. सिरॅमिक बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) ओरखडा उठत नाही, रंग उडत नाही, पण टोकदार आघाताने ते तडकू शकतं. अ‍ॅल्युमिनियमचं बेझल ओरखडतं, उन्हाने फिकटतं, आणि त्या फिक्या रंगावर जीव टाकणारे लोक आहेत. हेसालाइट या प्लास्टिकच्या काचेवर चरे पडतात, पण पॉलिश लावून घरी घासले की जातात. सफायर काचेवर चरे जवळजवळ पडतच नाहीत, पण ती फुटली तर बदलावीच लागते.

जुन्या कॅलिबरची एक जमेची बाजू मात्र तक्त्यात कधी येत नाही. रोलेक्सचं ३१३५ हे १९८८ पासून तीस वर्षांहून अधिक काळ घड्याळांत बसत होतं. त्याच्या खोडी कुठल्या आणि कशा काढायच्या हे खूप कारागिरांना पाठ आहे. नव्या कॅलिबरबद्दल तेवढी माहिती जमायला वर्षं जातात.

पायरी ५: आता दुकानात जा, जुनं मनगटावर घालून

दोन्ही घड्याळं एकाच मनगटावर, आळीपाळीने, प्रत्येकी किमान पंधरा मिनिटं. दुकानातले दिवे दागिन्यांसाठी लावलेले असतात, तेव्हा शक्य असेल तर खिडकीपाशी जा. मनगट मागे वाकवून क्राउन रुततो का बघा. बाही खाली ओढा. टाइप करत असल्यासारखा हात टेबलावर ठेवा. बहुतेक घड्याळं तिथे उघडी पडतात.

व्यासाच्या आकड्यावर जाऊ नका. एका लगच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतची लांबी आणि जाडी, हे दोन आकडे मनगटाला कळतात. ४१ चं सबमरीनर आधीच्या ४० च्या सिरॅमिक सबमरीनरपेक्षा अनेकांना सडपातळ वाटतं, कारण त्याचे लग बारीक केले आहेत. फोटो काढायचा तर आरशातला, पूर्ण हाताचा. फोन घड्याळाच्या तोंडाशी नेऊन काढलेल्या फोटोत कुठलंही घड्याळ ताटाएवढं दिसतं.

क्लास्पला वेळ द्या. पंचवीस वर्षांपूर्वीचे पत्रा दाबून बनवलेले क्लास्प हलके असतात, खुळखुळतात. नवे घडीव आणि जड. त्याहून मोठा फरक समायोजनाचा. उकाड्यात मनगट फुगतं तेव्हा रोलेक्सच्या ग्लाइडलॉकसारखा क्लास्प २-२ मिलिमीटरने, एकूण जवळपास २० मिलिमीटरपर्यंत, अवजाराशिवाय सैल होतो. तक्त्यात ही एक ओळ आहे. मनगटावर ती रोज दुपारी कामाला येते. माझ्यापुरतं सांगायचं तर नव्या आवृत्तीच्या बाजूने मला पटलेलं सगळ्यात भक्कम कारण हेच. कॅलिबर नंतर.

त्या दिवशी पैसे देऊ नका.

पायरी ६: बदलाचा खरा खर्च

समजा, नव्याची करासकट किंमत १०० आहे. जुन्यासारखी घड्याळं ७० ला विकली जाताहेत, दुकानदार अदलाबदलीत ५५ देतोय. तुमच्या डोक्यात खर्च ३० असतो, प्रत्यक्षात तो ४५. स्वतः विकलंत तर ६५ येतील, पण वेळ जाईल आणि जोखीम तुमची. कमिशनवर ठेवलंत तर रक्कम मधली कुठेतरी, आणि पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही.

जुन्याचा भाव काढताना लोक काय मागताहेत ते बघू नका, व्यवहार कितीला झाले ते शोधा. मूळ डबा, कार्ड, काढलेल्या कड्या आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या असतील तर भावात खरोखर फरक पडतो. नव्याच्या बाजूने वॉरंटी धरा. रोलेक्स आणि ओमेगा आता ५ वर्षांची देतात, आणि सर्व्हिसिंगला आलेलं जुनं घड्याळ त्या तुलनेत खर्चाचं असतं.

पश्चात्तापाचाही भाव काढून ठेवा. ५५ ला दिलेलं घड्याळ सहा महिन्यांनी परत हवंसं वाटलं, तर ते ७० ला मिळेल, आणि ते तुमचं नसेल, तसलंच दुसरं कुणाचं तरी असेल. १५ गेलेच, वर त्याचे लग कुणी किती घासलेत देव जाणे. आवृत्ती बंद झालेली असेल तर हा फरक आणखी वाढू शकतो.

नवी आवृत्ती नुकतीच आली असेल तर वर्षभर थांबायला काहीच जात नाही. सुरुवातीच्या तुकडीतल्या खोडी तोवर कळतात आणि दुय्यम बाजारातला उतावळा भावही अनेकदा खाली येतो.

वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ असेल तर ही पायरी गाळा. त्याचा हिशेब इथे बसत नाही.

पायरी ७: तीस दिवस ड्रॉवरमध्ये

अजूनही नवं घ्यावंसं वाटत असेल तर जुनं महिनाभर बंद करून ठेवा आणि दुसरं काहीही घाला. सवयीने मनगटाकडे बघणं आठवड्यात थांबतं. ते सोडून द्या. त्यानंतरही एखाद्या विशिष्ट प्रसंगी, प्रवासाला निघताना किंवा महत्त्वाच्या दिवशी, हात ड्रॉवरकडे गेला तर ते ठेवण्याचं घड्याळ आहे. महिन्याने ते बंद पडलेलं सापडलं आणि चावी द्यावीशीही वाटली नाही, तर खुशाल द्या.

पायरी ८: द्यायचं ठरलं असेल तर

नवं हातात आल्याशिवाय जुनं सोडू नका. “दोन आठवड्यांत येईल” या शब्दावर घड्याळ आधीच देऊन सहा महिने मोकळ्या मनगटाने फिरलेला माणूस मला माहीत आहे. देण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो, सीरियल नंबर आणि जमलं तर टाइमग्राफरचा कागद स्वतःकडे ठेवा.

नवं घेताना तिथेच उभं राहून बघा: कार्डावरचा सीरियल नंबर घड्याळावरच्याशी जुळतो का, बेझलची खूण बाराच्या बरोबर वर येते का, क्राउनचा आटा न अडखळता बसतो का. काटे पुढे फिरवून मध्यरात्र ओलांडा. तारीख एका झटक्यात किंवा कंपनी सांगते तशी बदलली पाहिजे. जुन्यावर मात्र, देईपर्यंत तरी, रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची झटपट फेर करू नका. अनेक जुन्या कॅलिबरमध्ये तेव्हा दाते गुंतलेले असतात, आणि विकायच्या आदल्या रात्री ते मोडून घेण्यात अर्थ नाही.

आणि कड्या. ब्रेसलेट छोटं करताना काढलेल्या दोन-तीन कड्या डब्यात नसतात, त्या भलत्याच कुठेतरी असतात. माझ्या जुन्या घड्याळाच्या दोन कड्या सुट्या नाण्यांच्या वाटीत सापडल्या, घड्याळ विकून चार महिने झाल्यावर. घेणाऱ्याचं मनगट माझ्यापेक्षा जाड होतं आणि तेवढ्याचसाठी त्याने भाव पाडून घेतला होता.